आनंदी राहा म्हणजे नक्की काय करू?

पुण्यात एखादीला दिवस गेल्याची बातमी फुटली की प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. डॉक्टर कोण? बाळंतपण माहेरी की इथेच? आणि तिसरा खास आपल्या गावचा, त्या हॉस्पिटलला पार्किंग आहे का? ही चौकशी उरकली की सल्ले सुरू होतात. जिना जपून, स्कूटी बंद, नारळपाणी रोज, ग्रहणात हातात सुरी नको. आणि या सगळ्यांवर शिरजोर असा एक सल्ला असतोच: "आता कसला म्हणून विचार करायचा नाही. फक्त आनंदी राहायचं."

माझी मामेबहीण सध्या आठव्या महिन्यात आहे. पहिलटकरीण. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याचा आधीच विचार करायचा तिला पगार मिळतो. अशा मुलीला "विचार करू नकोस" सांगून काय होणार? मध्यंतरी तिने मला सरळच विचारलं, "ताई, आनंदी राहा म्हणजे नक्की काय करू?"

मला तो प्रश्न फार आवडला. कारण हा सल्ला नसतोच, गोड आवाजातला हुकूम असतो. आणि त्याच्या पोटात एक न बोललेली धमकी असते: तू रडलीस, चिडलीस, घाबरलीस तर ते सगळं थेट बाळाला जाईल. मग आधी भीती वाटते, आणि मागोमाग भीती वाटली म्हणून भीती वाटते. गर्भसंस्काराचे वर्ग, त्याचं ॲप, त्याच्या सीड्या, त्याचं तूप असा मोठाच बाजार आपल्या शहरात भरलेला आहे. त्यातलं गाणं, श्लोक, घटकाभर शांत बसणं मलाही आवडतं. साधारण सहाव्या महिन्यानंतर बाळाला पोटात आवाज ऐकू यायला लागतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं, हे शास्त्रही मानतं. पण गाणं ऐकून बाई निवांत झाली, तो तिचा फायदा, एवढ्यावर थांबायला काय हरकत आहे? पोरगं पुढे उलट उत्तरं द्यायला लागलं तर "सातव्या महिन्यात तू त्या मालिका बघत होतीस ना" इथवर हिशेब कशाला न्यायचा?

या सगळ्याच्या मुळाशी अभिमन्यू असतो. चक्रव्यूहात शिरायचं कसं ते त्याने पोटात असताना ऐकलं, बाहेर पडायचं कसं ते ऐकायचं राहिलं, कारण सुभद्रेला झोप लागली. गोष्ट सांगणारे सगळेच इथे सुभद्रेकडे जरा नाराजीने बघतात. मी म्हणते, दिवस भरत आलेल्या बाईला रात्रीच्या वेळी युद्धशास्त्र ऐकवायला बसल्यावर तिला झोप येणार नाही तर काय होईल? उरलेलं सकाळी सांगता आलं नसतं का?

एक मात्र गंभीरपणे सांगायला हवं. आठवडेच्या आठवडे झोप उडालीय, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, सारखं रडू येतंय, असं असेल तर त्याला श्लोक पुरत नाहीत. गरोदरपणातलं नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार आहेत आणि ते गरोदरपणातही घेता येतात. गोळीने मळमळतंय हे डॉक्टरांना जितक्या सरळ सांगतो, तितक्याच सरळ हेही सांगायचं. लपवून चेहऱ्यावर हसू ठेवणं कुणाच्याच भल्याचं नाही.

मामेबहिणीला मी म्हटलं, आनंदाचं राहू दे बाजूला. तुला नेमकी कशाची भीती वाटते ते लिहून काढ. तिने खरंच यादी केली. वेळेवर हॉस्पिटलला पोचणार नाही. कळा सहन होणार नाहीत. सगळ्यांसमोर ओरडले तर? सिझर करायला लावतील. बाळाला काही होईल. आणि शेवटी, अगदी बारीक अक्षरात, मला काही झालं तर?

ती शेवटची भीती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली आहे, आणि ती खुळी नाही. माझी आजी शनिवार पेठेतल्या वाड्यात बाळंत झाली, दर वेळी. माजघरामागची अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, वेखंड-ओव्याची धुरी, आणि पलीकडच्या बोळातून बोलावून आणलेली सुईण. आजीची बाळंतपणं सात, जगलेली मुलं पाच. हे ती अगदी सहज सांगायची, सांगताना हातातलं कामही थांबायचं नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे बोलणं अशा घरांतून आलं आहे.

त्याच्याही आधीची गोष्ट आनंदीबाई जोशींची. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाला विषय निवडला तो हिंदू स्त्रियांच्या प्रसूतीचा. दुसऱ्या कुठल्याही विषयावर लिहिता आलं असतं त्यांना. परतल्या त्या आजारी होऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी इथेच, पुण्यात गेल्या. वय २१. एकाही बाईचं बाळंतपण त्यांना आपल्या गावात दवाखाना थाटून करता आलं नाही.

पण या शहराने तेवढ्यावर सोडलं नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, आणि त्यातून बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकायला जाऊ लागल्या. लोकांनी नाकं मुरडली, त्या शिकल्या. डॉ. बानू कोयाजी १९४४ साली रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात गेल्या तेव्हा ते चाळीसेक खाटांचं होतं. त्यांनी ते वाढवलं, आणि नुसतं शहरात वाढवलं नाही, तर वढू बुद्रुकच्या परिसरात खेड्यांपर्यंत आरोग्यसेवा नेली. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मामेबहिणीला मी हे सगळं सांगितलं ते अभिमानाने ऊर भरून यावा म्हणून नाही. तिच्या बारीक अक्षरातल्या प्रश्नाला आज वेगळं उत्तर आहे, आणि ते उत्तर कुणीतरी खपून तयार केलेलं आहे, हे तिला कळावं म्हणून. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. तेहतीस हेही कमी नव्हेत. पण आजीच्या त्या खोलीतून इथवर आपण आलो आहोत.

आणि आलो कशामुळे, तर बऱ्याच अंशी अगदी साध्या गोष्टींमुळे. दर भेटीत मोजलेला रक्तदाब. हिमोग्लोबिन. धुतलेले हात. बाळ बाहेर आल्याबरोबर आईच्या मांडीत देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. त्याने गर्भाशय आवळतं आणि जास्तीचा रक्तस्राव टळतो. व्हिन्सेंट द्यू व्हिग्नो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवून दाखवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. आपल्याला त्या क्षणी बाळाचा चेहरा बघायची घाई असते, सुई कधी टोचली तेही कळत नाही. आजीच्या खोलीत तीच नव्हती.

मजा म्हणजे हेच ऑक्सिटोसिन आपलं शरीर आधीपासून स्वतःच बनवत असतं. कळा आणतं ते हेच. आणि ते थोडं लाजाळू असतं. अनोळखी प्रखर उजेड, मोठमोठे आवाज, कुणीतरी खेकसणं, यांनी बाई दचकली की अंगात ॲड्रेनलिन चढतं, आणि बाळंतपणाच्या सुरुवातीच्या टप्प्यात ते कळा मंदावू शकतं. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच हे चक्र मांडलं होतं: भीतीने अंग ताठतं, ताठलेल्या अंगाला कळ जास्त लागते, जास्त लागली की भीती वाढते. एवढं पटण्यासारखं आहे. पण त्याच्या पुढे जाऊन, भीती काढून टाकली की दुखतच नाही, असं जे कुणी सांगतं ते मला मान्य नाही. दुखतं. चांगलंच दुखतं. ते आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर दुखायला लागल्यावर बाईला वाटतं की आपलंच ध्यान कमी पडलं.

माझ्या वेळी रात्रपाळीला एक सिस्टर होत्या. साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या, बोलण्यात लाडीगोडी अजिबात नाही. मी खाटेचा लोखंडी कठडा घट्ट धरून ठेवला होता. त्यांनी काहीही न बोलता माझी बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली, करंगळीपासून. मग म्हणाल्या, "ताई, मूठ सोडा आधी. मूठ सुटली की दात सुटतात, दात सुटले की खालचं सुटतं." मी म्हटलं, श्वास घेता येत नाहीये. "घ्यायची काळजी करू नका, तो आपोआप आत येतो. सोडायचं तेवढं बघा. चहा गरम असला की फुंकर घालतो, तशी. हळू. लांब." कळ ओसरली. त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "झाली. मिनिटभराचीच होती. आता पुढची येईस्तोवर काही करायचं नाही. ओठ ओले करा आणि पडून राहा."

हे "काही करायचं नाही" मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. कळ साधारण मिनिटभराची असते. अगदी भरात आल्या, दर तीन मिनिटांनी यायला लागल्या, तरी मधली दोन मिनिटं आपलीच असतात. मी आधी ती पुढच्या कळेची वाट बघण्यात घालवत होते. नंतर त्या दोन मिनिटांत चक्क डुलक्या काढल्या. सुभद्रेला मी त्या रात्रीपासून जास्त समजून घेते.

वेळेचंही तसंच. सिनेमात कळ आली की लगेच गाडी, सिग्नल तोडणं, आणि पुढच्या दृश्यात बाळ. पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो. सुरुवातीच्या मंद, अनियमित कळांचा टप्पा कित्येक तास चालू शकतो आणि तो घरी, आपल्या माणसांत, वरणभात खात काढता येतो. अर्थात डॉक्टरांशी फोनवर बोलून. पूर्वी गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असा दंडक होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तो सोडून दिला. खरा जोराचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरायचा आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं त्या सांगतात. आई आणि बाळ ठीक असतील तर नुसतं घड्याळ बघून घाई करायची नाही, हा त्यातला अर्थ. मामेबहिणीच्या यादीतली पहिली भीती, वेळेवर पोचण्याची, इथे बरीचशी निवळली.

त्याच सूचनांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या आज्यांना माहीत होती आणि हॉस्पिटलांनी मधल्या काळात विसरायला लावली. बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस सतत असावं. यावर २०१७ मध्ये एक मोठा आढावा निघाला, २६ चाचण्या आणि पंधरा हजारांवर बायका. ज्यांच्याजवळ असं सोबतीचं माणूस होतं त्यांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, नैसर्गिकपणे होण्याचं प्रमाण वाढलं, सिझर कमी झाली आणि अनुभवाबद्दल तक्रारही कमी राहिली. एवढ्या गोष्टी करणारं औषध असतं तर त्याची जाहिरात लक्ष्मी रोडवर लागली असती. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतही सोबतिणीला परवानगी देण्याचं धोरण २०१६ पासून आहे. पण प्रत्यक्षात जागा, पडदे, डॉक्टरांची पद्धत यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून आधीच, सातव्या-आठव्या महिन्यात विचारून ठेवायचं.

विचारायचं, यावरून आठवलं. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेणं असं धरतात. ओपीडीत पन्नास बायका बसलेल्या, आतल्या बाईला आठ मिनिटं मिळणार, त्यातली तीन वजन आणि बीपीची. पण माझा अनुभव असा की प्रश्न कागदावर नेले तर डॉक्टर उलट सुटकेचा श्वास टाकतात. मामेबहिणीच्या कागदावर सध्या एवढे आहेत: रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा? कळा चालू असताना मला चालू-फिरू द्याल का? पाठीतल्या इंजेक्शनची, म्हणजे एपिड्युरलची सोय रात्रीही आहे का? तुमच्याकडे सिझर साधारण कोणकोणत्या कारणांनी करता? शेवटचा प्रश्न वाचून मामी घाबरली. "अगं, असं तोंडावर विचारतात का?" विचारला. डॉक्टर अजिबात रागावल्या नाहीत, त्यांनी पेन घेऊन कागदाच्या मागे चार कारणं लिहून दिली.

एपिड्युरलबद्दल घरात दोन तट पडले. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही, झालोच ना आम्ही बाळंत?" हा एक, आणि "जन्मभर पाठ धरते" हा दुसरा. जन्मभराच्या पाठदुखीला अभ्यासांत आधार सापडलेला नाही. उरला आमच्या वेळचा प्रश्न. आमच्या वेळी दातही भूल न देता उपटायचे, म्हणून आता तसेच उपटून घ्यायचे का? कुणाला हवं असेल तिने घ्यावं, नको असेल तिने घेऊ नये. कळा सोसल्या म्हणून पदक मिळत नाही.

पदकाचाच विषय निघालाय तर सिझरचंही बोलून घेते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली चारातली एक प्रसूती सिझरने झाली, सुमारे २५ टक्के. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर होतं. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे की एखाद्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं तर त्याने मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. तेव्हा कारण विचारणं हा आपला हक्क आहे, आणि "मुहूर्त चांगला आहे" हे कारण नाही. ते डॉक्टरांनाही नको असतं. बऱ्याचदा मुहूर्ताची चिठ्ठी आपलीच माणसं घेऊन येतात.

पण या आकड्यांची दुसरी बाजू मी स्वतः जगले आहे. माझी रात्र चांगली चालली होती. पहाटे बाळाचे ठोके उतरायला लागले. डॉक्टर खाटेच्या कडेला बसल्या, मशीनची पट्टी माझ्यासमोर धरली, कुठे उतरतंय ते बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, "अजून थोडा वेळ थांबता आलं असतं तर थांबले असते. नाही थांबता येत. काही विचारायचंय?" मी एकच विचारलं, मी जागी असेन का? हो म्हणाल्या. पडद्याच्या अलीकडे मी जागी होते आणि लेकीचं पहिलं रडणं ऐकलं.

नंतर भेटायला येणाऱ्यांनी विचारलं, "नॉर्मल का?" मी सिझर म्हटलं की चेहरे पडायचे. एका काकूंनी तर "असू दे, असू दे" म्हणून खांद्यावर थोपटलं, जसं काही मी परीक्षेत राहिले. मला तेव्हाही गंमत वाटली आणि आजही वाटते, कारण त्या रात्रीच्या आठवणीत मला हरल्याची भावना शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या एका मैत्रिणीचं बाळंतपण अगदी नॉर्मल झालं, पण तिला कुणी काही सांगितलं नाही, "आता ओरडतेस कशाला" असं सुनावलं गेलं, आणि ती वर्षानुवर्षं त्यातून बाहेर आली नाही. पोटावर टाके आहेत की नाहीत यापेक्षा आपल्याला माणसासारखं वागवलं का, यावर पुढची बरीच वर्षं अवलंबून असतात. आत्मविश्वास कमवायचाच तर सगळं आपल्या मनासारखं होईल याचा कमवून उपयोग नाही. मनासारखं नाही झालं तरी मी त्यातली बोलती-ऐकती बाई असेन, एवढा पुरतो. तो एकटीने, आरशासमोर उभं राहून येत नाही. कुणीतरी करंगळी सोडवावी लागते, कुणीतरी पट्टी समोर धरावी लागते.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर प्रत्येक घरात विद्यापीठ असतं. फक्त "दोन जिवांचं खा" म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास केला. एकूण किती खाल्लं याच्यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या वजनाशी जास्त जवळचा संबंध दिसला. म्हणजे साजूक तुपाच्या दुसऱ्या वाटीपेक्षा मंडईतली मेथीची जुडी कामाची. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शी काळी होते, घाबरायचं नाही. हे शेवटचं कुणी सांगत नाही आणि मग पहिलटकरणी रात्री गुगल करत बसतात.

घाबरायचं कशाला, तेही नेमकं माहीत असलं की बाकीच्या वेळी निवांत राहता येतं. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, चेहरा-हात अचानक सुजणं, ताप, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. यातलं काही झालं तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही, रात्री दोन वाजताही फोन करायचा. मामेबहिणीने हे फ्रिजवर लावलंय. तिच्या सासूबाईंना आधी ते अभद्र वाटलं. मग त्यांनीच त्याच्यावर गणपतीचं चुंबक लावलं, आणि १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर खाली मोठ्या अक्षरात लिहिले.

परवा तिचं डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी, हिरवी साडी, झोपाळा, हातात धनुष्यबाण, पेढा की बर्फी, सगळं साग्रसंगीत. मला हा प्रकार पूर्वी फार हौशी वाटायचा, आता वाटत नाही. इतक्या बायका एका बाईभोवती जमतात आणि दिवसभर फक्त तिचं कौतुक करतात, असे प्रसंग तिच्या वाट्याला येतात किती? अडचण एकच असते. जेवणं झाली, पानाचे विडे आले, की एखादी आत्याबाई "आमच्या शेजारणीचं काय झालं माहितीये का" म्हणून सुरुवात करते. नाळ, वार, रक्ताच्या बाटल्या, सगळं तपशीलवार. या वेळी आम्ही बंदोबस्त ठेवला होता. मामेबहिणीच्या नणंदेला एवढंच काम दिलेलं: कुणी शेजारणीवर आलं की ओटीचं ताट घेऊन मध्ये उभं राहायचं. ती दोनदा उभी राहिली. तिसऱ्या वेळी आजेसासूबाईंनीच त्या आत्याबाईंना दटावलं, "तुझी शेजारीण घरी ठेव गं. हिला सांग, तुझा मुलगा चार किलोचा होता आणि तू दुसऱ्या दिवशी पोहे मागितलेस." ते ऐकून पोर इतकी हसली की मामीने पाणी आणलं.

नंतरच्या दिवसांबद्दल मी तिला थोडंच सांगून ठेवलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच रडू फुटतं, बहुतेकींना फुटतं, आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. नाही ओसरलं तर डॉक्टर. पहिला चीक बाळाला द्यायचाच, शक्यतो तासाभरात. आणि भेटायला येणाऱ्यांना सव्वा महिना तरी दारातूनच चहा. बाकी अळिवाच्या लाडवांचं मामी बघेल, ते आमच्या हातात नाही.

आता उरलाय तो खास पुण्याचा प्रश्न. तिची तारीख निघालीय ती अनंत चतुर्दशीच्या आगेमागे. दिलेल्या तारखेला जेमतेम वीसात एक बाळ जन्मतं, हे मी सांगून पाहिलं, पण सासर सदाशिव पेठेत, हॉस्पिटल नदीपलीकडे, आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर असे सगळे रस्ते बंद. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. ढोलपथकं थांबवून पुण्याची गर्दी ॲम्ब्युलन्सला वाट करून देते, हे दर वर्षी सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तरी तिचे सासरे नकाशा घेऊन बसले. शेवटी असं ठरलं की गौरी-गणपती झाले की तिने कोथरूडला माहेरी यायचं. आत सोबतीला सासूबाई जाणार; मामीला रक्त बघून चक्कर येते आणि नवऱ्याने स्वतःच कबूल केलं की त्यालाही येते. त्याच्याकडे फाइल, पैसे आणि गाडी. मामाने सोसायटीबाहेरच्या स्टँडवरच्या एका रिक्षावाल्यालाही सांगून ठेवलंय, गाडी ऐन वेळी चालू झाली नाही तर. तो म्हणाला, "केव्हाही हाक मारा काका. फक्त रात्री बाराच्या पुढे मीटरपेक्षा जास्त लागतील, ते आत्ताच सांगून ठेवतो."